काढलेला माल

आमच्या घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, १९८६ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. नोंदणीपुस्तकात तिचा रंग ‘क्रीम’ असा लिहिला आहे. प्रत्यक्षात बॉनेटचा क्रीम वेगळा, उजव्या दारांचा वेगळा आणि डिकीचा तर जवळजवळ पिवळाच म्हणावा असा आहे. आप्पांनी ती १९९४ साली घेतली तीच मुळी जुनी म्हणून. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि ‘फियाटवाल्यांची मुलगी’ म्हणून शाळेत माझी पत एकाएकी वाढली, हे मान्य करायला आता संकोच वाटत नाही. कागदोपत्री पद्मिनी असली तरी तिला फियाटच म्हणायचे, हा त्या काळचा सार्वत्रिक रिवाज होता.

नावाचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करते. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नासच्या दशकात फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांतली गुबगुबीत, पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी गाडी म्हणजे लोकांची ‘डुक्कर फियाट’. पुढे ‘११०० डी’ आली आणि १९७४पासून तिचेच नाव ‘पद्मिनी’ झाले. चितोडच्या ज्या राणीवरून हे नाव पडले, ती आपल्याला मुख्यतः भेटते ती जायसीच्या ‘पद्मावत’ या १५४०च्या काव्यात; तिच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणजे इटालियन यंत्राला अवधीतल्या सूफी काव्याच्या नायिकेचे नाव, आणि वर कुर्ल्याचा कारखाना. इटलीत ‘११०० डी’ १९६६ साली बंद झाली. कुर्ल्यातला तिचा अवतार २००१च्या सुमारापर्यंत निघत राहिला. भाषांतराने मूळ संहितेपेक्षा पस्तीस वर्षे अधिक जगावे, हे उदाहरण मी वर्गात देते. विद्यार्थी हसतात आणि लिहून घेत नाहीत. असो.

आप्पा पाटबंधारे खात्यात होते. गाडीचे काम ते रविवारी स्वतः करत. गॅरेजला गाडी जाई ती फक्त इंजिन खाली उतरवायचे असेल तेव्हा. माझा धाकटा भाऊ विजेरी धरून त्यांच्याशेजारी उकिडवा बसे. पाना कोणता, आटे कुठल्या दिशेने फिरतात, बोल्ट गंजला असेल तर किती वेळ तेल मुरू द्यायचे, हे सगळे त्याला आपोआप कळत गेले. मला बोलावणे येई ते एकाच कामासाठी. ब्रेकची एअर काढायची असली की मी गाडीत बसायचे आणि पेडल दाबायचे. बाहेरून, चाकामागून, आप्पांचा आवाज येई : “दाब. धर. धरून ठेव. आता सोड.” मी दाबे, धरी, सोडी. काचेतून समोरची भिंत दिसे. चाकापाशी काय चालले आहे हे मला कधी दिसले नाही, आणि ते पाहावे असे मला वाटतही नसावे. कारण माझ्या मांडीवर त्या वेळी हमखास एखादे पुस्तक असे. या वाटणीबद्दल आप्पांना दोष देण्यापूर्वी पुस्तकाची ही गोष्ट नोंदवणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेला पूर आला. आमचे घर शाहूपुरीच्या सखल भागात आहे. पाणी अंगणात शिरले आणि गाडीच्या बैठकीपर्यंत चढले. आम्ही नातेवाइकांकडे होतो. परतल्यावर आप्पांनी उंबरठा ओलांडण्याआधी सांगितले, “गाडीची चावी कुणी फिरवायची नाही.” ते तेव्हा ऐंशीचे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनातले ऑइल खाली सोडले. ते दुधाच्या चहासारखे दिसत होते. पाणी मिसळले की ऑइलचा रंग असा होतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मग त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडे थोडे ताजे ऑइल आत सोडले, जेणेकरून पिस्टन आतल्या आत गंजून धरणार नाहीत, आणि बॅटरीच्या तारा सोडून ठेवल्या. एवढे करून ते दमले. “चाकं उघडायला हवीत,” ते म्हणाले. “ड्रममध्ये पाणी गेलंय. पुढच्या रविवारी जॅक लावू.”

त्या रविवारी माझ्याकडे उत्तरपत्रिका होत्या. त्यापुढच्या रविवारी चर्चासत्र होते. नंतर दिवाळी आली. जानेवारी २०२०मध्ये आप्पा झोपेतच गेले.

भावाने पुण्याहून फोनवर सांगितले की गाडी भंगारात द्यावी; त्याने एकाशी बोलणेही केले होते. अठरा हजार मिळणार होते. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्याला यंत्र कळते त्याला ते सोडूनही देता येते, असे मला आता वाटते. मी ‘नाही’ म्हटले आणि कारण विचारल्यावर मला ते सांगता आले नाही. मार्चमध्ये महाविद्यालय बंद झाले. तासांच्या ध्वनिफिती पाठवून झाल्या की दुपार मोकळी असे. शेडखाली गेले. हत्यारांची पेटी होती, आणि पेटीत आप्पांची वही होती.

वही म्हणजे दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. १९९४ ते २०१८. तारीख, किलोमीटर, काम, सुटा भाग, किंमत. वाक्ये क्रियापदावाचून. ‘डायनॅमो ब्रश बदलले. लोकल. रु. ४०. ठीक.’ ‘पेट्रोल पंप. आंबा घाटात बंद. ओला फडका. चालू.’ मी ती वही आधी वाचली ती, लाजत सांगते, गद्य म्हणून. क्रियापद गाळल्याने येणारा वेग, ‘ठीक’ या एका शब्दात मावलेले समाधान, यांवर मी मनातल्या मनात एक छोटा निबंधही रचला होता. आमच्या पेशाचा हा रोगच आहे. समोर औषधाची चिठ्ठी आली तरी आम्ही आधी तिची शैली पाहतो.

उद्यमनगरात आप्पांच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री होते. टाळेबंदी सैल झाल्यावर त्यांच्याकडे गेले. ते घरी यायला तयार नव्हते, पण “सांगंन की फोनवर” म्हणाले, आणि खरोखरच सांगत राहिले. सुट्या भागांसाठी त्यांनी भंगाराच्या दोन दुकानांचे पत्ते दिले. तिथे पहिले काही दिवस प्रत्येक जण माझ्या मागे पाहून विचारी, “साहेब कुठं हाईत?” साहेब नाहीत, मीच आहे, हे पटायला दोन-तीन फेऱ्या लागल्या. नंतर मात्र स्टूल मिळू लागले.

या दुकानांची स्वतःची एक परिभाषा आहे. ‘कंपनीचा’ म्हणजे अस्सल. ‘लोकल’ म्हणजे कुणीतरी नमुन्यावरून घडवलेला. आणि ‘काढलेला’ म्हणजे कटिंगला आलेल्या गाडीतून उतरवलेला. पद्मिनीच्या बाबतीत कंपनीचा माल कधीच संपला आहे. लोकल मिळतो, पण त्याचे माप भरवशाचे नसते. म्हणून जाणकार काढलेला शोधतात : जुना, पण मुळात नीट घडलेला. आणि हा काढलेला माल बहुतेक सगळा मुंबईच्या टॅक्सींचा. तिथे टॅक्सीला वयाची मर्यादा लागली आणि गाड्या मोडीत निघत गेल्या, तसतसे त्यांचे अवयव राज्यभर पसरले.

पेट्रोल पंपाची हकिगत सांगण्याजोगी आहे. या गाडीचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. इंजिनातल्या दांड्यावरच्या उंचवट्याने त्याचा लिव्हर हलतो, आतला रबरी पडदा वरखाली होतो आणि पेट्रोल ओढले जाते. घाटात इंजिन तापले की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पडदा नुसती वाफ ढकलत राहतो आणि गाडी थांबते. वहीतला ‘ओला फडका’ तो हाच : पंपावर टाकून तो थंड करायचा. लहानपणी आंब्याच्या वळणावर तासभर थांबून केळी खाल्ल्याचे मला आठवत होते. कारण आता कळले. पुराच्या पाण्याने आमच्या पंपाचा लिव्हर धरला होता. भंगारातून तीन पंप आणले. गंमत अशी की टॅक्सी सीएनजीवर गेल्यापासून त्यांच्या पेट्रोलच्या पंपांना फारसे कामच नव्हते. त्यामुळे धातू जवळजवळ नवा, आणि रबर मात्र पडून पडून वाळलेले. एकाचे झाकण तडकलेले होते, दुसऱ्याच्या झडपा बसत नव्हत्या. तिन्ही उकलून, डिझेलमध्ये धुऊन, वर्तमानपत्रावर मांडून त्यांचा एक पंप केला. पडदा तेवढा नवा घातला. मिस्त्रींनी बजावले होते की हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात टिकत नाही. पंप चालला त्या दिवशी मी वहीत, आप्पांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून, लिहिले : ‘पेट्रोल पंप. तीनांचा एक. ठीक.’

मी त्या काळात ‘आप्पांची गाडी मूळ रूपात आणायची’ अशा भाषेत बोलत असे. डावे मागचे दार पुराने फुगले होते. पॉलिश पेपरने घासायला घेतले तर आमच्या क्रीमखाली राखाडी निघाला आणि त्याखाली काळा. वही पाहिली. १९९८ : ‘डावा मागचा दरवाजा. मुंबई टॅक्सी. रु. ९००.’ मग मी वही या दृष्टीने पुन्हा चाळली. गिअरबॉक्स २००३ साली काढलेला. रेडिएटर काढलेला. बॉनेट काढलेले, म्हणूनच त्याचा क्रीम वेगळा. जिला मी मूळ समजत होते तिच्यात मुळातले किती उरले होते, याची बेरीज करण्याचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. एम.ए.च्या वर्गाला मी ‘लीळाचरित्र’ शिकवते. म्हाइंभटाची मूळ पोथी खालशाच्या धाडीत गेली आणि पुढे ज्याला जे स्मरत होते त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. म्हणून इतके पाठ, म्हणून वि. भि. कोलत्यांना १९७८च्या संपादनासाठी एवढ्या पोथ्या जुळवाव्या लागल्या. ही गोष्ट वर्गात किती सहजपणे सांगितली होती मी! ज्यांनी ती पोथी आठवून लिहिली त्यांच्यापुढे कुठल्या लीळा गाळायच्या याची यादी नव्हती. जे हाताशी आले ते लावले.

त्याच लहरीत मी ब्रेकपाशी पोचले.

चाके उघडली तेव्हा जे अपेक्षित होते तेच दिसले. ड्रमच्या आत, ब्रेकचे लायनर दोन्ही बाजूंना ढकलणारा एक छोटा सिलिंडर असतो. पेडल दाबले की त्यात ऑइलचा दाब येतो आणि आतली रबरी टोपी पिस्टनला बाहेर रेटते. पुराचे पाणी आत राहिले होते. डाव्या मागच्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाने देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडले होते. अशा भिंतीवर रबर घासत राहिले तर कापले जाते. नवा सिलिंडर मिळेना. मिस्त्री म्हणाले, लेथवर आत स्लीव्ह बसवून घ्या आणि रबर नवे टाका. आठ दिवस लागतील. माझ्याकडे चार होते. नोंदणीचे नूतनीकरण २०२१ साली व्हायला हवे होते, ते महामारीच्या धांदलीत राहिले. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारींचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० झाले, तेव्हाही मी पैसे नव्हते म्हणून नव्हे तर गाडी तयार नव्हती म्हणून थांबले. आणि आता, मार्च २०२३मध्ये, तपासणीची तारीख हाती होती. भंगाराच्या दुकानात अडीचशे रुपयांना एक काढलेला सिलिंडर मिळाला. आतून चकचकीत दिसत होता. रबरही मऊ लागले. मिस्त्रींना फोन केला.

“मॅडम, ब्रेकला जुना माल लावू नगासा. इंजिन बंद पडलं तर गाडी हुबी ऱ्हाती. ब्रेक बंद पडला तर हुबी ऱ्हात न्हाई.”

मी वाक्याला दाद दिली. सिलिंडर बसवला.

तपासणीत ब्रेक उत्तम लागले. रबर झिजायला वेळ लागतो. आठ महिने मी ती गाडी गावात चालवली आणि मनातून बरीच चढूनही गेले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस बातमी आली की मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी आता रस्त्यावरून गेली. आई म्हणाली, “पन्हाळ्याला जाऊन येऊ या.” पुढच्या रविवारी निघालो. आई मागे, माझी तेरा वर्षांची मुलगी पुढे. जाताना काही नाही. उतरताना, वाघबीळच्या अलीकडच्या उतारावर, पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. पेडल दाबले आणि पाय खालपर्यंत गेला. म्हणजे नेहमीसारखे मध्ये काही लागलेच नाही. आमच्या गाडीत चारही चाकांना ऑइलची वाट एकच. एका ठिकाणी गळती झाली की सगळेच जाते. मी पेडल पुन्हा पुन्हा मारले, थोडे काही लागले, गेले. गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर ओढला, इंजिन किंचाळले, हँडब्रेक ओढला. तो तारेवर चालतो म्हणून होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाहेर आलेले ऊस बॉनेटपासून हातभर अंतरावर आले तेव्हा मी गाडी डाव्या अंगाच्या मातीच्या चढात घातली. बंपर वाकला. तेवढेच.

मुलीने दार उघडले, उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. ती रडली नाही. “मी एसटीने येते,” एवढेच म्हणाली. आणि खरोखर आली; आजीला घेऊन.

मी टोचणीची गाडी येईपर्यंत तिथेच बसले. डाव्या मागच्या चाकाच्या आतून ऑइलचा ओघळ टायरवर उतरला होता.

रात्री आईने जेवण वाढताना सांगितले, “ह्यांनी ब्रेकला कधी जुनं घातलं नाही.” मी विचारले, तुला कसे ठाऊक? “घरखर्चातून जायचं की. बाकीचं भंगारातून यायचं, ते स्वस्तात. ब्रेकचं आलं की त्या महिन्यात मला ओढाताण. म्हणून लक्षात आहे.” जेवण झाल्यावर वही काढली. पंचवीस वर्षांत ब्रेकच्या अकरा नोंदी होत्या. अकराही ठिकाणी ‘नवीन’ असा शब्द आणि त्याखाली दोन रेघा. साऱ्या वहीत इतरत्र कुठेही अधोरेखन नाही. मी ती वही तीन वर्षे वाचत होते. पाठभेद शोधत होते, शैली पाहत होते, दाराच्या रंगाखालचा काळा रंग पाहून हरखत होते. आणि लेखकाने जे एकमेव वाक्य रेघा ओढून सांगितले होते ते मला दिसले नव्हते.

चारही सिलिंडर उद्यमनगरात लेथवर दिले. त्यांना आतून स्टीलच्या स्लीव्ह बसवून आणायला आठ नव्हे, अकरा दिवस लागले. रबरे नवी आणली, नळ्या नव्या, ऑइल नवे. भंगारवाल्याने “काय झालं?” म्हणून विचारले तेव्हा खरे सांगितले. तो म्हणाला, “आमी इचारलं न्हवतं, कशाला पायजे म्हून.” खरेच, त्याने विचारले नव्हते आणि मी सांगितले नव्हते. भावाला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “एअर काढायला दोन माणसं लागतात. मी शनिवारी येऊ का?” मी नको म्हटले, पण या वेळी त्याचे बोलणे मला आवडले.

शनिवारी दुपारी मी एकटीच चाकाखाली बसले होते. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलेले. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. पेडलवर वीट ठेवून पाहिली; वीट दाबते, पण सोडत नाही. मुलगी स्वयंपाकघराच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. पन्हाळ्यापासून ती गाडीत बसलेली नव्हती आणि मी तिला सांगितलेही नव्हते. थोड्या वेळाने ती उठली, येऊन मागच्या चाकाशी वाकली, नळीकडे पाहिले.

“गाडी हलणार नाही ना?”

“घोडीवर आहे. चाक काढलंय बघ.”

“मी फक्त दाबणार. कुठे जाणार नाही.”

“बरं.”

“आणि आधी मला दाखव, काय होतं ते.”

मी तिला निपल दाखवला, पाना कुठल्या बाजूला फिरवला की उघडतो ते दाखवले, पेडल दाबलेले असतानाच का उघडायचे आणि सोडण्यापूर्वी का बंद करायचे ते सांगितले. उलटे केले तर हवा पुन्हा आत ओढली जाते. तिने एकदा स्वतः पाना फिरवून पाहिला. मग पुढे जाऊन बसली. दार तिने उघडेच ठेवले.

“दाब,” मी म्हटले. “धर.”

नळीतून दुधी फेस आला आणि बाटलीत फुटला.

“सोड. पुन्हा दाब. धर.”

“येताहेत का बुडबुडे?” तिने विचारले.

“येताहेत.”

“किती?”

“पुष्कळ आहेत अजून.”

“मग सांग ना. दाबू?”